वर्दी येण्याआधीची वर्षं

जर्मनीतल्या एखाद्या खेड्यात रात्री दोन वाजता आग लागली आणि घरच्यांनी ११२ वर फोन लावला, की थोड्याच मिनिटांत दारात बंब उभा राहतो. बंब चालवणारा माणूस दिवसा सुतारकाम करतो. त्याच्या शेजारी बसलेली बाई शाळेत गणित शिकवते. मागच्या बाकावर एखादा शेतकरी असतो, बँकेतला कारकून असतो आणि बहुतेक वेळा वाहन चालवण्याचा परवाना मिळून वर्षही न झालेलं एखादं पोरही असतं. यातल्या कुणालाही या कामाचा पगार नाही. केंद्रात रात्रपाळीला कुणी नव्हतं. सगळे आपापल्या घरी झोपले होते, उशाशी ठेवलेला पेजर वाजला तसे उठून धावले.

जर्मनीसारख्या देशाला पगारी दल परवडत नाही म्हणून ही सोय केलेली आहे, असं नाही. सुमारे दहा लाख माणसं तिथे स्वेच्छेने आग विझवतात. पगारी जवान ३५ हजारांच्या आसपास आहेत, तेही मुख्यतः शंभरेक मोठ्या शहरांत. बर्लिन, हाम्बुर्ग, म्युनिक इथे पगारी दलाच्या जोडीला स्वयंसेवकांची दलं आहेतच. शेजारच्या ऑस्ट्रियात व्हिएन्ना, ग्राझ, लिंझ, साल्झबुर्ग, इन्सब्रुक आणि क्लागेनफुर्ट एवढ्या सहाच शहरांत पालिकेचं पगारी दल आहे. आणि चिलीत राजधानी सान्तियागोसकट सगळा देश स्वयंसेवकांच्या भरवशावर आहे. पगार घेणं दूरच, ते दलाला पदरची वर्गणी देतात.

हे पुस्तक अशा दलात लहानपणीच शिरलेल्यांबद्दल आहे, आणि त्यातही जर्मनीतल्या, कारण मी जवळून पाहिलं ते तिथलं. मी स्वतः दलात आले ती तिशी उलटल्यावर, नोकरीनिमित्त जर्मनीत घर केल्यावर. मला शिडी कशी लावायची हे बावीस वर्षांच्या एका मुलीने शिकवलं. शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब हवा, चढणाऱ्याचे हात कुठे, खाली धरणाऱ्याची नजर कुठे, हे ती इतक्या सहजपणे सांगत होती की मला वाटलं, हिचा हा पेशा असावा. ती दंतवैद्याकडे मदतनीस होती. दलात मात्र दहाव्या वर्षापासून होती, म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनी ज्येष्ठ. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. आता मी मुलांच्या गटाबरोबर काम करते.

या दलांचा उगम समजून घेतला तर मुलांची गोष्टही नीट कळते. एकोणिसाव्या शतकाच्या आधी युरोपातल्या शहरांत आग विझवणं हे प्रत्येक नागरिकावरचं सक्तीचं काम होतं. घंटा वाजली की चामड्याची बादली घेऊन यायचं आणि रांगेत उभं राहायचं. येणाऱ्यांत घाबरलेले, दारू प्यालेले, नुसते बघे, सगळेच असत. मग हाइडलबर्गच्या कार्ल मेट्झने नव्या धर्तीचे हातपंप बनवायला सुरुवात केली, आणि त्या पंपांना गर्दी चालेना. ठरलेली माणसं हवीत, प्रत्येकाला आपली जागा ठाऊक हवी, सराव हवा. याच सुमारास, १८४१ मध्ये, माइसेन शहरात स्वयंसेवकांचं पथक उभं राहिलं. १८४६ मध्ये कार्ल्सरूह शहराला लागून असलेल्या डुर्लाखमध्ये तिथले नगर-स्थापत्यकार क्रिस्टियान हेंग्स्ट यांनी मेट्झचा पंप आणि कवायत केलेली माणसं एकत्र आणली. पुढच्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १८४७ रोजी, कार्ल्सरूहच्या दरबारी नाट्यगृहाला आग लागली आणि साठांहून अधिक माणसं गेली. डुर्लाखच्या पथकाने आग आजूबाजूला पसरू दिली नाही. ही बातमी गावोगाव गेली आणि गावोगाव पथकं निघू लागली.

या पथकांत कोण आलं? व्यायामशाळांतली तरुण मुलं. त्या काळी जर्मनीत तालमींची मोठी चळवळ होती. उल्ममध्ये कोनराड डीट्रिश मागिरुस या व्यापाऱ्याने अशाच कसरतपटूंना घेऊन दल बांधलं आणि पुढे शिड्या बनवण्याचा कारखाना काढला. मागिरुसच्या शिड्या आजही जगभरच्या बंबांवर दिसतात. चढणं, तोल सांभाळणं, एकमेकांना खांदा देणं हे ज्यांच्या अंगात होतं त्यांच्याच हाती हे काम आलं. खास मुलांसाठीचं पहिलं पथक १८८२ मध्ये उत्तर समुद्रातल्या फ्योर बेटावर, ओव्हेनुम गावात निघालं. देशभरच्या युवा पथकांची संघटना व्हायला १९६४ साल उजाडलं. मधल्या ब्याऐंशी वर्षांत जे झालं त्याकडे मी पुढे येईनच.

आधी एका संध्याकाळबद्दल सांगते. आठवड्यातून एकदा, शाळा आटोपली की, मुलं केंद्रात जमतात. निळा-नारिंगी गणवेश, हेल्मेट, हातमोजे. त्या दिवशीचं काम म्हणजे हायड्रंट शोधून पाणी आणायचं. जर्मनीत बहुतेक हायड्रंट रस्त्याखाली असतात, वर फक्त लोखंडी झाकण. ते सापडावं म्हणून जवळच्या भिंतीवर लाल किनारीची पांढरी पाटी लावलेली असते. पाटीवर इंग्रजी एच अक्षर आणि १०० असा आकडा असेल तर खालच्या जलवाहिनीचा व्यास १०० मिलिमीटर. त्याखाली आणखी दोन आकडे: पाटीपासून सरळ पुढे किती मीटर, आणि डावीकडे किंवा उजवीकडे किती. अकरा वर्षांचा एक मुलगा पाटीला पाठ लावून उभा राहतो, पावलं मोजत पुढे जातो, वळतो, पुन्हा मोजतो आणि पानगळीने झाकलेल्या जागी बुटाने पानं बाजूला सारतो. झाकण तिथेच असतं. दोघं मिळून ते हुकाने उचलतात. आता स्टँडपाइप बसवायचा, पण त्याला नळी जोडण्याआधी हायड्रंट थोडा उघडून पाणी वाहू द्यायचं, म्हणजे आतला गंज आणि माती निघून जाईल. ही पायरी गाळली तर खडा पंपात जातो किंवा ब्रँचच्या, म्हणजे नळीच्या टोकाला लावलेल्या तोटीच्या, तोंडात अडकतो, आणि धुराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचं पाणी बंद होतं. मुलांना हे असंच सांगितलं जातं, गोड करून नाही. त्यानंतर कुणी ती पायरी विसरत नाही.

मग नळ्या. इकडच्या कपलिंगला नर-मादी अशी टोकं नसतात, दोन्ही बाजू एकसारख्या. समोरासमोर धरायच्या आणि फिरवून घट्ट करायच्या. लहान नळी १५ मीटरची. ती दुहेरी गुंडाळून ठेवलेली असते, म्हणजे दोन्ही टोकं बाहेर राहतात आणि एका फेकीत सगळी उलगडते. हे जमायला मुलांना महिने लागतात. नळी पीळ न पडता पसरली पाहिजे, वळणावर मुडपली जाता कामा नये, जिना चढताना पुरेल इतकी जादा नळी दाराशी ठेवलेली असली पाहिजे. शेवटी ब्रँच धरणारी मुलगी हात वर करून पाणी सोडण्याचा हुकूम देते, तो मागे उभा असलेला निरोप्या पुन्हा ओरडतो, वाटप्याच्या, म्हणजे एका नळीतलं पाणी अनेक नळ्यांत वाटणाऱ्या जोडाच्या, झडपेशी बसलेला मुलगा ती हळूहळू उघडतो. एकदम उघडली तर दाबाने पुढची मुलगी मागे फेकली जाईल. मोठी ब्रँच मुलांच्या हाती देतच नाहीत. तिला धरायला प्रौढ माणसंही दोन किंवा तीन लागतात.

यात आग कुठे आहे? कुठेच नाही. एखाद्या मुलाला दलात आठ वर्षं होऊन जातात आणि एकाही जळत्या घराजवळ तो गेलेला नसतो. माझ्या मते याच आठ वर्षांत सगळं आहे. मुलाला ज्या कामाची ओढ आहे ते काम त्याला इतकी वर्षं करू द्यायचं नाही, पण त्या कामाचा प्रत्येक तुकडा मात्र खऱ्या साधनांनी, खऱ्या हुकमांनी, खऱ्या जबाबदारीने शिकवायचा. लुटुपुटूची नळी नाही, प्लास्टिकचा बंब नाही. तो स्वच्छ करून जागेवर ठेवतो तीच नळी त्या रात्री त्याचे वडील किंवा शेजारीण घेऊन जाणार असते. ही गोष्ट त्याला माहीत असते आणि म्हणून तो ती नीट धुतो.

वयाच्या अटी राज्यागणिक थोड्या वेगळ्या आहेत. सहाव्या वर्षापासून बालगट अनेक ठिकाणी आहेत, दहाच्या आसपास युवा गट. सोळा-सतराव्या वर्षी मोठ्यांच्या प्रशिक्षणाला बसता येतं. प्रत्यक्ष वर्दीवर साधारणपणे अठरा पूर्ण झाल्यावरच; काही राज्यांत त्याआधी जाऊ देतात, पण धोक्याच्या हद्दीबाहेर. बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र, पाठीवर घेऊन धुरात शिरायचं तर अठरा वर्षं, डॉक्टरांची कसून तपासणी, वेगळा अभ्यासक्रम, आणि दाढीसुद्धा चालत नाही, कारण केसांमुळे मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. आत जाणारे नेहमी दोघं, एकत्र शिरतात, एकत्र बाहेर पडतात. त्यांना काही झालं तर आत जाण्यासाठी आणखी दोघं सेट लावून दाराबाहेर तयार उभे असतात.

आमच्या शहरातल्या एका मराठी आईने संमतिपत्रावर सही करण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, खरं सांगा, याला आगीत पाठवणार का तुम्ही?" मी म्हटलं, "नाही. अठराचा झाला की तो स्वतः ठरवेल, आणि तेव्हा तुमची सही लागणार नाही. तोवर ठरवण्याइतकं त्याला कळावं, एवढंच आम्ही करतो." तिने सही केली, पण अठराव्या वर्षाची धास्ती तिच्या चेहऱ्यावरून गेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. ही धास्ती खरी आहे. या कामात स्वयंसेवकही मरतात. २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात पश्चिम जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. त्यांत दुसऱ्यांना काढायला गेलेले दलातले लोकही होते.

आता १८८२ ते १९६४ मधली ती वर्षं. नाझी राजवटीने १९३८ च्या कायद्याने अग्निशमन दलं पोलिसांच्या अखत्यारीत घेतली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं पेटवली गेली तेव्हा दलांना हुकूम होता की शेजारची घरं वाचवा, प्रार्थनास्थळं जळू द्या. बंब उभे होते, पाणी होतं, माणसं शिकलेली होती, आणि त्यांनी समोरची आग विझवली नाही. पुढे महायुद्धात मोठी माणसं आघाडीवर गेली तशी हिटलर युथमधल्या मुलांची अग्निशमन पथकं बॉम्बहल्ल्यांत पेटलेल्या शहरांत उतरवण्यात आली. आज जो मुलगा आमच्याकडे कोरड्या मैदानात ब्रँच धरायला शिकतो, त्याच वयाची मुलं तेव्हा कोसळत्या इमारतींच्या गल्ल्यांत होती. तेव्हा मुलांना विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून मला आजच्या वयाच्या अटी निव्वळ सरकारी कागद वाटत नाहीत. आणि 'स्वेच्छेने' ही अटही तितकीच मोलाची वाटते. मुलगा कुठल्याही दिवशी म्हणू शकतो, मला यायचं नाही. पुष्कळ मुलं चौदा-पंधराव्या वर्षी जातात. फुटबॉल, मैत्रिणी, परीक्षा. जाणाऱ्याला कुणी लाज वाटायला लावता कामा नये. मी तसं करणारी केंद्रंही पाहिली आहेत, आणि तिथे पुढे चांगली माणसं टिकलेली मला दिसली नाहीत.

एक अवघड गोष्ट इथे झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. स्वतःच आग लावून मग ती विझवायला सर्वांत आधी धावून येणारे तरुण स्वयंसेवक अधूनमधून पकडले जातात, जर्मनीत आणि इतरही देशांत. संख्येने ते फार थोडे, पण प्रत्येक प्रकरणाने गावाचा विश्वास हादरतो. त्यामागे बहुतेकदा कर्तबगारी दाखवण्याची भूक असते, कौतुकाची तहान असते. युवा गट चालवणाऱ्याने हे डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं: कुठला मुलगा फक्त सायरनबद्दल बोलतो, कुणाला नळ्या धुण्याचा कंटाळा आहे, कुणाला घरी कुणी विचारत नाही. दलाला ज्या प्रकारच्या कौतुकाची सवय लावायची आहे ते वेगळं आहे. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी एक मानाचा बिल्ला आहे. तो एकट्याला मिळतच नाही. नऊ जणांनी मिळून आठ नळ्या जोडून १२० मीटरची रांग पीळ न पडता पसरायची, नऊ जणांनी मिळून १५०० मीटर धावायचं, गोळाफेकीत नऊ जणांचं अंतर बेरजेने मोजायचं, पाण्याविना पूर्ण हल्ल्याची कवायत करायची आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. सगळ्यांत कमी फेकणाऱ्या मुलीचा गोळाही बेरजेत असतो. ती फेकायला उभी राहते तेव्हा बाकीचे आठ जण जे ओरडतात, ते ऐकण्यासारखं असतं.

मुलांची लाडकी गोष्ट मात्र दुसरीच. वर्षातून एकदा अनेक केंद्रांत मुलं चोवीस तास मुक्कामाला येतात, पगारी जवानांच्या पाळीसारखी. मोठी माणसं रचलेल्या वर्द्या देतात: कचऱ्याची पेटी पेटली आहे, झाड रस्त्यावर पडलंय, कुणी हरवलंय. जेवण निम्मं झालं की हमखास घंटा वाजते. पहाटे तीनला वाजते. पायात उलटे बूट, अर्धी झोप, तरी गाडीत प्रत्येक जण आपापल्या जागेवर.

या सगळ्याची गावाला गरज किती आहे, हे कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता कळतं. गावातले निम्मे स्वयंसेवक तेव्हा तीस किलोमीटरवरच्या शहरात कामावर असतात. मालकाने वर्दीसाठी माणसाला सोडलंच पाहिजे असा कायदा आहे, त्या वेळेचा पगार पालिका मालकाला भरून देते. पण तीस किलोमीटरचं अंतर कायद्याने कमी होत नाही. ज्या गावात स्वयंसेवक पुरेसे उरत नाहीत तिथे पालिकेला नागरिकांची सक्तीने नेमणूक करावी लागते, आणि उत्तर जर्मनीतल्या काही गावांवर ही वेळ आलेलीही आहे. दलात नवीन येणाऱ्यांचा मोठा वाटा युवा गटातूनच येतो. मग ती मुलंही एकोणिसाव्या वर्षी शिकायला दुसऱ्या शहरात जातात, हे खरंच. पण जाताना बरेच जण तिथल्या दलात नाव घालतात आणि सुट्टीत घरी आले की इथल्या पेजरला ओ देतात. आठ वर्षं एका गावाने शिकवलेला मुलगा दुसऱ्या गावाच्या कामी येतो. पहिल्या गावातही कुणीतरी असंच दुसरीकडून आलेलं असतं.

आणि बहुतेक वर्द्या आगीच्या नसतातच. वादळाने पडलेली झाडं, रस्त्यावर सांडलेलं तेल, पाण्याने भरलेली तळघरं, कारणाशिवाय वाजलेली धोक्याची यंत्रणा. आणि अपघात. लहान गावात गाडीत अडकलेला माणूस ओळखीचा निघण्याचा संभव मोठा असतो. अठरा वर्षांच्या मुलाने पहिल्याच महिन्यात आपल्या वर्गमित्राला पाहावं का, हे गटप्रमुखाला काही सेकंदांत ठरवावं लागतं. चांगला प्रमुख त्याला दिवे लावायला, रस्ता अडवायला मागे ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जातो. मानसिक आधारासाठी शिकवलेली वेगळी पथकं आता आहेत. वीस-तीस वर्षांपूर्वी दलात आलेले जुने लोक सांगतात की त्यांच्या वेळी त्यावर बोलणं म्हणजे दुबळेपणा समजत. या पुस्तकातल्या सगळ्यांत प्रामाणिक आठवणी अशाच जुन्या माणसांच्या आहेत.

मराठी वाचकाला हे सगळं का सांगावंसं वाटलं, तेही सांगते. आपल्याकडे अग्निशमन हे पगारी जवानांचं काम आहे आणि त्यांनी ते जिवावर उदार होऊन केलेलं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला, कापसाबरोबर दारूगोळा भरलेला होता. त्यात ६६ जवान गेले, आणि म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पण नगरपरिषदेच्या केंद्रापासून लांबच्या वाडीत गंजी पेटली, तर बंब पोचेपर्यंत जे करायचं ते वाडीतल्या माणसांनीच करायचं असतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीत वणवे लागतात तेव्हा हिरव्या फांद्या घेऊन डोंगर चढणारी गावची पोरं आणि भटके मी पाहिलेत. धाडस त्यांच्याकडे भरपूर असतं. वारा कुठून आहे, जाळ चढणीला किती वेगाने धावतो, वरच्या बाजूला उभं राहू नये, हे मात्र त्यांना कुणी लहानपणी शिकवलेलं नसतं. आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक घडवणारी 'आपदा मित्र' योजना अठरा ते चाळीस वयाच्या लोकांसाठी आहे आणि चांगली आहे. आपल्या शाळांत आरएसपीचा (रोड सेफ्टी पॅट्रोलचा) गणवेश घालून रहदारी सांभाळणारी मुलं आहेत, तीही जबाबदारीने. अकरा वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला केंद्रात बोलावून नळी धुवायला लावणारं काही आपल्याकडेही सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं. जर्मनीची नक्कल म्हणून नाही, आपल्या वाड्यांचं अंतर मोजून.

पुस्तकात आगीची पहिली हकिगत बऱ्याच उशिरा येते. तोवर साधनं, हुकूम, गाठी आणि केंद्रातल्या संध्याकाळी आहेत, ज्या क्रमाने मुलांच्या वाट्याला येतात त्याच क्रमाने. मधली पानं उलटून पुढे जाऊ नये. दुसऱ्या प्रकरणापासून गाठी सुरू होतात, तेव्हा वाचताना बोटाएवढ्या जाडीची दोन-तीन हात दोरी जवळ घ्यावी आणि प्रत्येक गाठ आधी चित्र पाहून, मग न पाहता, मग हातमोजे घालून मारून बघावी.